दिवस बुडाला नव्हता, हसाजी

हसाजी, तू बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नागावात गेलास. मुंबई टाइम. शेजारी म्हणाले, शाळेची नवाची घंटा होऊन गेली होती आणि मुले पाढे म्हणत होती. मी नंतर शाळेत जाऊन घड्याळ पाहिले. ते मुंबई टायमावर आहे. त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत तुला पुरले.

तुझे वय, घराणे, तेलाचा धंदा, मागे कोण आहे, हे सगळे आमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर सात ओळींत दिले आहे. त्या सात ओळी मीच लिहिल्या. त्यात चूक नाही. इथे लिहितो ते तुला उद्देशून आहे, आणि ते सहा वर्षांपूर्वी तोंडाने सांगायला हवे होते.

आज शनिवार. दर शनिवारी दुपारी मी अलिबागेहून सायकल हाणत तुझ्याकडे येत असे, कारण त्या दिवशी तुझा घाणा बंद. गावातले लोक तुम्हा इस्राएल लोकांना शनवार तेली म्हणतात ते त्यासाठीच. बैल सुटलेला असे, तू घाण्याच्या लाकडाला टेकून बसत असस, आणि मी समोरच्या पेंडीच्या पोत्यावर. आपला वाद कुठून सुरू झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. वादाचा विषय पाहता हे गमतीचे आहे, असे तूच एकदा म्हणाला होतास.

विषय एकच. काळाला आरंभ आहे की नाही.

मी म्हणत असे, नाही. आमचा भटजी साध्या पूजेलासुद्धा कल्प कोणता, मन्वंतर कोणते, युग कोणते, हे सांगून मग पळीभर पाणी सोडतो. ब्रह्मदेवाचा दिवस उजाडतो, मावळतो, पुन्हा उजाडतो. आरंभ दिवसाला असतो, काळाला नाही.

"म्हणजे तुमचा देव पण घड्याळ बघूनच उठतो," तू म्हणालास.

"आणि तुमचा? आरंभाच्या आधी काय करीत होता?"

"आधी हा शब्दच तिथं न्हाय. हा घाणा बसवला न्हवता तवा त्याचा कितवा फेरा चालला व्हता, सांग बघू."

"घाणा नव्हता, पण लाकूड होते. लाकडाच्या आधी झाड होते."

पुढच्या शनिवारी मी सायकल भिंतीला लावतो न लावतो तोच अंगणातून ओरडलास, "झाड व्हतं, पण फेरा न्हवता!" सारूवहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, आठ दिवस हेच चाललंय. जेवताना पण फेरा. आता तरी हो म्हणा, म्हणजे ह्यांना झोप लागंल." मी हो म्हटले नाही.

तुझा सगळ्यात बळकट मुद्दा बैलाचा होता. मी चेष्टेने म्हटले की शनिवार तुझ्या बैलालाही कळतो. तू म्हणालास, "कळतो. सातवा दिवस हाय म्हणून कळतो. आणि पयला असला तरच सातवा मोजता येतो. तुझा काळ नुसता फिरत राहतो. फिरत्याला सातवा कुठला? त्याला सुट्टी न्हाय."

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली एका लेखासाठी मला चार महिने आत बसावे लागले. माझे वडील तोवर पुरते आंधळे झाले होते. त्या चार महिन्यांत तू दर रविवारी नागावाहून पाच-सहा मैल चालत अलिबागेला येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलेस, अग्रलेखापासून जाहिरातींपर्यंत. हे मला सुटल्यावर वडिलांकडून कळले. वडील म्हणाले, "तो तेली चांगला वाचतो, पण मधेच थांबून काळाला आरंभ आहे का विचारतो." तू याबद्दल कधी बोलला नाहीस, मीही आभार मानले नाहीत. ते इथे नोंदवतो.

पुढच्या वर्षी आषाढात विलायतेच्या डाकेतल्या एका मासिकात छोटा मजकूर आला. विश्व फुगत चालले आहे, आणि हिशेब मागे नेला तर सगळ्याचा एक पहिला क्षण निघतो, असे तिकडचा एक विद्वान म्हणत होता. मी त्याचे पाच ओळींत भाषांतर केले आणि 'विश्वास आरंभ होता?' असा मथळा देऊन छापले. प्रश्नचिन्ह माझे. तू तो चौकोन कापून खळीने घाण्याच्या खांबाला चिकटवलास आणि प्रश्नचिन्हावर कोळसा फासलास. शनिवारी नव्हे. शुक्रवारीच फासून ठेवलास, मला शनिवारी दिसावे म्हणून. तो शनिवार तुझ्या घरातला शेवटचा आनंदाचा शनिवार होता, हे आता सांगता येते.

त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईत तुझी लेक राहेल बाळंत झाली. वहिनींना ताप होता. "मी तापात लेकराला कशी घेऊ? तुमीच जा," म्हणून त्यांनी तुला पाठवले. पावसाळ्यामुळे रेवसची लाँच बंद होती, तू धरमतरवरून गेलास. जाताना मला म्हणालास, "शुक्रवारी एक चक्कर टाक. तापावरचं कोयनेल घेऊन."

इथून पुढचे तुला मी अर्धेच सांगितले होते. आता पूर्ण सांगतो.

आपल्याकडे दोन टाइम चालतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. तार ऑफिस आणि रेल्वे स्टँडर्ड टायमावर. बाकी सगळे, शाळा, लाँच, देवळे, तुमचे प्रार्थनेचे घर, ज्याला गावात मशीदच म्हणतात, हे मुंबई टायमावर. स्टँडर्ड एकोणचाळीस मिनिटे पुढे. माझे घड्याळ नेहमी मुंबई टायमावर असे. त्या आठवड्यात दमट हवेने ते बंद पडले. गुरुवारी आमचे पत्र निघते, म्हणून शेवटची तार घ्यायला मी तार ऑफिसात गेलो, तिथे चावी दिली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाला लावले. नंतर विसरलो.

शुक्रवारी मी पोचलो तेव्हा वहिनींचा श्वास जड झाला होता. शेजारीण डॉक्टरला आणायला गेली. घरात त्या आणि मी. आभाळ काळे होते, वाडीतल्या नारळी-पोफळींनी उरलासुरला उजेड खाल्ला होता. वहिनींच्या हातात काडेपेटी होती.

"भावजी, दिवस बुडाला काय?"

"पडून राहा, वहिनी."

"शुक्रवार हाय. दिवा राह्यलाय. कोंबड्या मघाशीच खुराड्यात गेल्या, मला काय समजंना. घड्याळात बघा ना."

मी पाहिले. सहा पन्नास. त्या आठवड्याचा सूर्यास्त मला पाठ होता, कारण पंचांगातून काढून पत्राच्या पहिल्या पानावर ती ओळ मीच देतो. सहा-एकोणचाळीस, मुंबई टाइम.

मी म्हटले, "बुडाला, वहिनी. अकरा मिनिटं झाली."

अकरा हा आकडा मी सांगितला. नुसते 'बुडाला' म्हटले असते तर कदाचित त्यांनी पुन्हा विचारले असते.

शुक्रवारचा दिवा घरच्या बाईने दिवस बुडायच्या आत लावायचा, बुडाल्यावर शनिवार लागतो आणि मग काडी ओढायची नाही, हे मला तुझ्याकडून माहीत होते. मी विचारले, "मी लावू का?"

"तुमच्या हातचा उजेडाला चालंल, भावजी. शुक्रवाराला कसा चालंल?" त्यांनी काडेपेटी उशीखाली सारली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा राह्यला." हे त्यांचे शेवटचे शब्द.

सात वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या. मी अंगणात येऊन टिपणवहीत वेळ लिहिली. ती वही आता समोर आहे. अक्षर नीट आहे, ओळीवर आहे. अंगणात दिवा नव्हता. म्हणजे लिहिण्यापुरता उजेड होता. माझ्या ते लक्षात यायला हवे होते.

तार शनिवारी सकाळी केली. तू रविवारी धरमतरच्या पहिल्या लाँचने निघून दुपारी पोचलास. तुमच्या प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी विचारले, कारण गेलेल्या माणसाच्या वर्षाच्या प्रार्थनेचा दिवस त्यावर ठरतो: दिवस बुडायच्या आधी की नंतर? मी वही काढून सांगितले, सात-दहा. मुंबई की स्टँडर्ड, हे कोणी विचारले नाही. या गावात ते कोणी विचारत नाही. हजान म्हणाले, "मग शनिवार लागला होता." तू मला विचारलेस, "दिवा?" मी म्हटले, "दिवस बुडून गेला होता, म्हणून त्यांनी लावला नाही." तू उशी उचललीस. काडेपेटी तिथेच होती. तू ती खिशात घातलीस.

त्याच संध्याकाळी मी अलिबागेला छापखान्यात आलो. भिंतीवरच्या घड्याळात सहा पाच. माझ्यात सहा चव्वेचाळीस. मी दोनदा पाहिले. मग माझे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे मागे घेतले आणि वहीत वजाबाकी केली. वहिनींनी विचारले तेव्हा दिवस बुडायला अठ्ठावीस मिनिटे होती. त्या गेल्या तेव्हाही आठ मिनिटे होती.

पुढच्या शनिवारी मी सांगायला म्हणून आलो. तू घाण्यालाच टेकून होतास. चौकोन खांबावर तसाच होता. मी पोत्यावर बसायच्या आत तू बोलायला लागलास.

"तुझंच खरं असतं तर बरं झालं असतं. आरंभ नसता, तर सुरू करणारा नसता. मग मी कुणाला काय विचारणार व्हतो? बैलाला?" मग म्हणालास, "पण आरंभ हाय. ज्यानं पयला क्षण केला त्याला क्षणांचा तोटा? ह्या सगळ्या काळात त्याला तिच्यासाठी एक काडी ओढण्याइतका वेळ काढता आला न्हाय? अकरा मिनटं, अरे. अकरा मिनटं मागंपुढं करायची त्याला काय जड व्हती?"

त्याने अकरा नव्हे, अठ्ठावीस दिली होती. ती मी घेतली होती. हे सांगायची जागा तीच होती. मी म्हणालो, "हसाजी, कोणी दिलं नाही, कोणी घेतलं नाही. काळ कोणाचा नसतो."

तू म्हणालास, "तिचा दिवा लागत न्हाय तवर ह्या घरात शुक्रवारचा दिवा न्हाय." आणि तसेच केलेस. तेल्याच्या घरात शुक्रवारी अंधार, अशी गावात चर्चा झाली, हजान दोनदा येऊन समजावून गेले. तू मशिदीत जात राहिलास, उभा राहिलास, बसलास. आमेन म्हणायची वेळ आली की तोंड मिटून राहायचास. हजान मला म्हणाले, "त्यानं देव सोडलेला नाही. त्यानं देवाशी अबोला धरलाय."

सहा वर्षे आपण वाद घालत राहिलो. माझी बाजू अधिकाधिक जोरकस होत गेली. मी पुस्तके मागवली, अनादि म्हणजे काय यावर तुला तास-तास सांगितले. तुला वाटले असेल की मी वाद जिंकायला बघतो आहे. कारण वेगळे होते. आरंभ नसेल तर सुरू करणारा नाही, सुरू करणारा नसेल तर जबाबदार कोणी नाही, आणि तुझी तक्रार चुकीच्या पत्त्यावर जात असली तरी तो पत्ता रिकामा आहे. मला तो रिकामा हवा होता. तू मात्र दर शनिवारी त्या पत्त्यावर कोणीतरी राहते, हे सिद्ध करत बसलास. ज्याच्यावर तू रागावला होतास त्याच्या असण्याची बाजू तू लढवत होतास, आणि ज्याने तुझे नुकसान केले तो समोर पोत्यावर बसून त्याच्या नसण्याची.

दरवर्षी एलियाहू नबीच्या नावाने तुमच्याकडे मलिदा होतो. गोड पोह्यांचे ते ताट तू मला पाठवत राहिलास. मी ते खात राहिलो.

गेल्या वर्षी श्रावणात तू अचानक विचारलेस, "तुझं घड्याळ कुठल्या टायमावर चालतं रे?"

"मुंबई."

"पयल्यापासनं?"

मी म्हटले, "हो."

तू मान हलवलीस आणि बैलाच्या गळ्यातली दोरी सैल करायला उठलास. तुला काय ठाऊक होते? घाण्यावर बसून बसून तू ती वजाबाकी केली होतीस का? कोणी तुला काही म्हणाले होते, की तो नुसताच प्रश्न होता? मला माहीत नाही. विचारण्याची सोय राहिली नाही. बातमीत अशा ठिकाणी आम्ही 'खात्रीलायक समजत नाही' असे लिहितो. इथेही तेच लिहितो.

देवाविषयी माझे मत विचारशील तर ते बदलले आहे असे म्हणता येत नाही. एवढेच दिसते की शुक्रवारच्या त्या संध्याकाळी वेळ कमी नव्हता. वेळ होता, मोजून होता, एका बाईने तो विचारला, आणि ज्याला विचारला त्याने चुकीचा सांगितला. काळ कोणी सुरू केला या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. तुझ्या तक्रारीचे मिळते.

गुरुवारी मी हजानांकडे जाऊन वही दाखवली. त्यांनी दोन्ही टाइम स्वतः कागदावर मांडले, पुन्हा मांडले. म्हणाले, "म्हणजे ती शुक्रवारीच गेली. वर्षाची प्रार्थना एक दिवस अलीकडे घ्यायला हवी होती. सहा वर्षं तो चुकीच्या दिवशी उभा राहिला." मी विचारले, आता दुरुस्त करता येईल का. ते म्हणाले, "करता येईल. पण ती म्हणणारा कालच पुरला ना आपण." मग कागद घडी करून मला परत दिला.

काल, शुक्रवारी, मी तुझ्या घरी गेलो. राहेल मुंबईहून आली आहे. तिचा मुलगा सहा वर्षांचा झाला. मार्गशीर्षातले आभाळ स्वच्छ होते, वाडीच्या पलीकडे समुद्रावर सूर्य दिसत होता. राहेलने तुझ्या पेटीतून ती काडेपेटी आणि वहिनींचा काचेचा दिवा काढला होता. तिने विचारले, "काका, दिवस बुडायला किती वेळ आहे?"

मी घड्याळ काढले. उत्तर देण्यापूर्वी मी तिला त्या शुक्रवारचे सगळे सांगितले. ती उभीच राहून ऐकत होती.

"म्हणजे आईला वेळ होता?"

"होता."

"किती?"

"अठ्ठावीस मिनिटं."

"आणि बाबांना तुम्ही सांगितलं नाही."

"नाही."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. हातातल्या पेटीतली काडी ओढली. काड्या सादळल्या होत्या. तिने तिसरी, चौथी ओढली, मग पेटी खाली ठेवून स्वयंपाकघरातून दुसरी आणली. दिव्यात तुझ्या घाण्याचे, मंगळवारी काढलेले खोबरेल होते. ती म्हणाली, "आता सांगा. किती वेळ आहे?"

"मुंबई टायमाने एकोणीस मिनिटं."

दिवा पाच वाजून चार मिनिटांनी लागला. सूर्यास्त पाच-तेवीसला झाला.